जोडारीने ठेवलेली दुसरी वाट

त्याला सगळे जोडारी म्हणत. तरुणपणी तो एका कारखान्यात जोडारीचं काम करायचा. यंत्राचे भाग कानशीने घासायचे, मापात आणायचे, एकमेकांत बसवायचे. कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आधी तो कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकला, मग त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला. औषधाचं दुकान, लाँड्री, चष्म्याचं दुकान, अशा लहान धंद्यांना तो सॉफ्टवेअर करून देई. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडते. तिच्यात माहिती भरायची. ती आत कुठेतरी ठेवलेल्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते. ती खिडकी आणि तो डेटाबेस एकमेकांना जोडून देणं हे त्याचं काम.

"धंदा बदललाच नाही मी," तो म्हणायचा. "आधी लोखंड जोडत होतो, आता हे."

मी त्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. साहित्याची पदवी हातात होती, नोकरी नव्हती. पहिल्या दिवशी तो खोलीचं कुलूप दाखवायला वर आला. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"आधीच्या घरमालकाने का काढलं?"

"काढलं नाही. मीच सोडलं."

"सगळे असंच सांगतात."

जिन्याखालून त्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, तिला पिशवी तरी खाली ठेवू द्या! पोलीस चौकी उघडलीय का?"

पुढे वहिनींनीच मला सांगितलं, "मनावर घेऊ नकोस. लग्न ठरताना यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, मुलगी द्यायची एवढी घाई का म्हणून."

तरी आमची मैत्री झाली. तो माझ्याकडून कादंबऱ्या न्यायचा आणि शेवटचं पान आधी वाचायचा. लेखक फसवतो, म्हणायचा. शेवट माहीत असला की तो कुठे फसवतोय ते दिसतं. चार वर्षं साहित्य शिकून हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नोकरीही त्याच्याचमुळे मिळाली. दातांची एक लॅब होती. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, लॅबमध्ये त्यांच्या कवळ्या आणि कॅप तयार होत. लॅबचं सॉफ्टवेअर जोडारीचं. पुढच्या टेबलावर बसून कामांची नोंद करायला मालकांना कोणीतरी हवं होतं.

"मी हिची हमी घेत नाही," त्याने माझ्यासमोरच मालकांना सांगितलं. "पण टायपिंग बरं आहे."

पहिल्या दिवशी तोच शिकवायला बसला. "ही खिडकी तुझ्या टेबलावर. डेटाबेस मालकांच्या केबिनमधल्या सर्व्हरवर. खिडकीने तिथे जायचं, तर आधी घर सांगायचं, मग घराचं कुठलं दार ते, मग आपण कोण, मग पासवर्ड. यातलं एक चुकलं की आत घेत नाही."

मग त्याने आतली टेबलं दाखवली. डॉक्टरांचं एक, पेशंटचं एक, कामांचं एक. प्रत्येक कामाला डॉक्टरचा आणि पेशंटचा नंबर बांधलेला. "आता यादीत नसलेल्या डॉक्टरच्या नंबरने काम टाकून बघ."

मी टाकलं. लाल अक्षरांत नकार आला.

जोडारी पहिल्यांदा हसला. "बघितलंस? ओळख नसलेल्याला दारात उभं करत नाही. डेटाबेस माझ्या स्वभावाचा आहे."

माझ्या टेबलामागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे कारखाना. तिथे सगळ्यावर पांढरी धूळ. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, तोंडं उघडी. एका कोपऱ्यात प्लास्टरवाला साचे ओतायचा. दुसऱ्या कोपऱ्यात, कामांची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनशेजारी, ताई बसायच्या. लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या. त्या पोर्सिलेनचे दात करायच्या. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, हातात बारीक ब्रश. ओल्या पिठाचा थरावर थर चढवायचा, मग दात भट्टीत घालायचा. शेजारच्या खऱ्या दाताला जी पिवळी झाक असेल तीच यातही उतरायला हवी. भट्टीला ताईंशिवाय कोणी हात लावत नसे. त्यांच्या पगारावर घरातली चार माणसं होती, आणि नवरा बऱ्याच वर्षांपासून अंथरुणात.

ताई जोडारीला शंकासुर म्हणायच्या.

"या शंकासुर. आज कोणावर शंका?"

"तुमच्यावर. स्क्रीनवर प्लास्टरची बोटं कोणाची?"

"उंदराची. पकडा आणि पासवर्ड विचारा त्याला."

नवी मोठी भट्टी आली आणि लॅबने जास्त डॉक्टरांची कामं घेतली. एक दिवस ताई सगळ्यांसमोर मालकांना म्हणाल्या, "अजून कामं घेतलीत तर मी त्यांच्याकडे बघणारसुद्धा नाही." मालक काही बोलले नाहीत. मालक काही बोलले नाहीत की ते लक्षात ठेवतात, असं प्लास्टरवाला मला म्हणाला.

त्यानंतर नोंदी नाहीशा होऊ लागल्या.

पहिल्यांदा एका डॉक्टरांचा फोन आला. कॅप तयार आहे का? मी शोधलं. तसं कामच नव्हतं. साचा मात्र आतल्या फळीवर पडून होता. मला वाटलं, माझ्याकडून राहिलं असेल. दुसऱ्यांदा मला पक्कं आठवत होतं. मी नोंद केली होती. स्क्रीनवर "नोंद झाली" असं आलं होतं. यादीत ती मी डोळ्यांनी पाहिली होती. दुपारी पाहिलं तर यादीत नव्हती. आत ताईंच्या स्क्रीनवरही नव्हती.

मालकांनी हिशेब मांडला. हरवलेली सगळी कामं पोर्सिलेनची नव्हती, पण सगळी हरवली ती ताई भट्टीपाशी असताना. ताई नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या, त्या दिवसांत एकही नोंद गेली नाही. आणि सुरुवात झाली ती ताईंच्या त्या वाक्यानंतर.

"दाखवायचे दात वेगळे," मालक केबिनमध्ये म्हणाले. दार उघडंच होतं. "आतल्या स्क्रीनवरून त्याच पुसताहेत. कामं कमी व्हावीत म्हणून."

जोडारीला बोलावणं गेलं. त्याचाही संशय ताईंवरच होता. मला आश्चर्य वाटलं नाही. त्याने प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. कोणी नोंद पुसली तर कोणी, कुठून, कधी पुसली ते डेटाबेसनेच टिपून ठेवायचं, अशी सोय केली. "आता सापडेल उंदीर," तो म्हणाला.

त्या आठवड्यात पुन्हा नोंदी गेल्या. पुसल्याची एकही खूण नव्हती.

जोडारीचा चेहरा काळवंडला. त्याला वाटलं, ताईंना त्याचा पासवर्ड मिळाला आहे. तो बदलला. तरी गेल्या. मग तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"खरं सांग. तू सेव्ह करतेस?"

"दादा, 'नोंद झाली' असं येतं."

"तू वाचतेस की तुला वाटतं?"

मी पुढच्या कामाची नोंद करायला घेतली. त्या दिवशी घरी जिन्यात आम्ही एकमेकांना वाट दिली आणि बोललो नाही. वहिनी म्हणाल्या, "माझ्याशीही बोलत नाहीत. मी काय पुसलं कोण जाणे."

पण त्या लॅबमध्ये तेव्हा कोणीच कोणाशी धड बोलत नव्हतं. प्लास्टरवाला कॉम्प्युटरजवळून जाताना दोन्ही हात खिशात घालायचा. मालक पाणी प्यायच्या निमित्ताने आत चक्कर मारायचे. मीसुद्धा ताईंच्या बोटांकडे बघू लागले होते. ताईंना ते कळत होतं. एकदा त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघून घे नीट. आणखी काय बघायचंय?"

बुधवारी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार याही वेळी उघडंच होतं. बाहेर आल्या तेव्हा भिंगाचा चष्मा कपाळावर तसाच होता. शनिवारपर्यंत नोंदींचं काय झालं ते सांगायचं, नाहीतर सोमवारपासून यायचं नाही. आणि ताईंना का काढलं ते इतर लॅबवाल्यांनाही कळवलं जाईल.

"म्हणजे मला कुठेच काम नाही," ताई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग भट्टीकडे गेल्या.

गुरुवारी सकाळी जोडारी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. नोंद जाताना मी स्वतः बघणार, म्हणाला. मी नोंदी करत होते. तो माझ्या बोटांकडे बघत होता, स्क्रीनकडे बघत होता, दर नोंदीनंतर उठून आत जाऊन ताईंच्या स्क्रीनवर ती आली का पाहत होता. येत होती. ताई म्हणाल्या, "पायाला चाकं लावा, शंकासुर." तो पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

मग भिंतीपलीकडे भट्टी चालू झाली. तिचा घूं आवाज माझ्या खुर्चीत जाणवतो. मी एका कवळीची नोंद करत होते. "नोंद झाली" आलं. यादीतही नोंद दिसली. जोडारी आत गेला आणि लगेच परत आला.

"आत नाही."

"इथे तर आहे."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग एकदम वाकला आणि टेबलाखाली पाहिलं. तिथे एक चपटी डबी आहे. माझ्या कॉम्प्युटरची केबल तिच्यात जाते आणि तिथून केबिनमधल्या सर्व्हरकडे. डबीवर हिरवे दिवे असतात. ते विझले होते. आम्ही बघत असतानाच एकेक करून पुन्हा लागले. मी यादी पुन्हा उघडली. कवळी यादीत नव्हती.

तो टेबलाखालीच बसून राहिला. मला आधी वाटलं, त्याची पाठ धरली.

"दादा?"

"थंड भट्टी चालू झाली की एकदम वीज ओढते," तो खालूनच म्हणाला. "डबी बंद पडते, परत चालू व्हायला थोडा वेळ घेते. तुझा कॉम्प्युटर बॅटरीवर आहे, म्हणून तुला कळत नाही."

"मग सर्व्हर सापडायला नको. 'नोंद झाली' कसं येतं?"

त्याने वर पाहिलं. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मला सरक म्हणाला, कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडला, मग दुसरा. तिथे आणखी एक डेटाबेस होता. सर्व्हरवरच्यासारखाच. तीच टेबलं. त्यात हरवलेल्या सगळ्या नोंदी होत्या. कवळी सगळ्यांत खाली.

हा डेटाबेस त्यानेच ठेवला होता. लॅबचं काम पहिल्यांदा घेतलं तेव्हा मालकांचा सर्व्हर जुना होता आणि जोडारीचा त्याच्यावर विश्वास नव्हता. म्हणून त्याने दुसरी वाट करून ठेवली. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर नोंद इथेच घ्यायची आणि यादीतही दाखवायची. संध्याकाळी येऊन तो स्वतः या नोंदी सर्व्हरवर टाकायचा. पुढे नवा सर्व्हर आला, तो यायचा थांबला. वाट तशीच राहिली, आणि तो ती विसरूनही गेला.

"पण मग 'नोंद झाली' का? 'सर्व्हर सापडत नाही' असं का नाही लिहिलं?"

"मालकांना कळलं असतं की माझं सॉफ्टवेअर अडकतं. दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं."

"कोणालाच सांगितलं नव्हतं?"

"कोणाला सांगू? ज्याला सांगावं तो उद्या तेच तोंडावर मारतो."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे ठीक आहे. याने फुंकर मारून दुसऱ्याचं घर पेटवलं होतं.

त्याने फोल्डर बंद केला. "कोणाला बोलू नकोस. मला विचार करू दे." आणि पिशवी उचलून गेला.

दिवसभर मी टेबलापाशी बसून होते. मलाही विचार करता येत होता. त्याने दुसरी वाट गुपचूप काढून टाकली, डबी बॅटरीवर लावली, तर नोंदी जायच्या थांबतील. ताई शनिवारी गेल्यावर थांबतील. मग ताईच चोर होत्या याला याहून मोठा पुरावा नाही. त्याला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. फक्त गप्प राहायचं. आणि गप्प राहणं त्याला माझ्या ओळखीत सगळ्यांत चांगलं जमायचं.

संध्याकाळी घरी त्याच्या खोलीचं दार बंद होतं. वहिनी म्हणाल्या, "जेवले नाहीत. काय झालंय?" मी माहीत नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे त्याच्यासारखंच पाहिलं.

शुक्रवारी मी लवकर निघाले. मालकांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. लॅबमध्ये पोहोचले तर जोडारी आधीच केबिनमध्ये होता. दार लावलेलं. मला वाटलं, झालं. हा सगळं आटपायला आला.

दार उघडलं आणि मालकांनी सगळ्यांना हाक मारली. ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

"ऐका. हा म्हणतो, ताईंनी काही केलं नाही. चूक याची."

ताईंनी जोडारीकडे पाहिलं. जोडारी जमिनीकडे बघत होता.

"मी धंदा करतो," मालक म्हणाले. "आपण होऊन चूक अंगावर घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही. काय रे, ताईंनी काय सांगितलं तुला? रडल्या का?"

"मी रडले तर दात बिघडतात," ताई म्हणाल्या.

"साहेब, तुम्हीच करून बघा," जोडारी म्हणाला. "मी कशाला हात लावत नाही. ताईही लावणार नाहीत."

मग मालक स्वतः माझ्या खुर्चीत बसले. जोडारी दारात उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. ताई भिंतीला टेकून. भट्टी रात्रभर बंद होती. प्लास्टरवाला आत गेला.

"कुठलं बटण, ताई?"

"हिरवं. नीट दाब, चावत नाही."

घूं आवाज सुरू झाला. मालकांनी स्वतःच्या नावाने कवळीची नोंद केली. "नोंद झाली" आलं. ते उठून आत गेले. आम्ही सगळे मागोमाग. ताईंच्या स्क्रीनवर मालकांची कवळी नव्हती.

"तू आत्ता काहीतरी केलंस," मालक जोडारीला म्हणाले.

"मी दारात होतो."

"आधीच करून ठेवलं असशील."

"हो," जोडारी म्हणाला. "तेच सांगतोय. आधीच करून ठेवलं होतं."

मालक त्याच्याकडे बघत राहिले. मग परत माझ्या टेबलाशी आले आणि त्याला तो फोल्डर उघडून दाखवायला लावलं. एकेक हरवलेलं काम त्यांनी वाचलं. शेवटी त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरवाल्याकडे पाहिलं. आता कोणावर संशय घ्यावा ते त्यांना सुचत नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ताई, कामाला लागा. आणि तू," जोडारीला, "नोंदी सर्व्हरवर टाक, ते भुताटकीचं काढून टाक, आणि पुन्हा येऊ नकोस. मी दुसरा माणूस बघतो."

जोडारीने मान हलवली. त्याला तेच अपेक्षित होतं. ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कामाला लागते. पण बुधवारी केबिनमध्ये बोललात, दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. आता सगळे इथे आहेत."

मालकांनी घसा साफ केला. "गैरसमज झाला."

"कोणाचा?"

"माझा."

"बरं. आणि याला काढू नका."

जोडारीने पहिल्यांदा मान वर केली.

"का?" मालक म्हणाले. "तुमची नोकरी घालवायला निघाला होता हा."

"होता. पण आज बोलला. बोलला म्हणून याला काढलंत, तर पुढचा येईल तो गप्प बसेल. आणि पुन्हा मान माझीच अडकेल. मी काय उपकार करत नाही कोणावर."

मालकांनी डोकं खाजवलं. एवढ्यात फोन वाजला आणि ते केबिनमध्ये गेले. जाताना म्हणाले, "महिनाभर बघतो." ताई आत गेल्या. भट्टी तापली होती आणि दात वाट बघत होते.

दिवसभर जोडारीने काम केलं. हरवलेली कामं सर्व्हरवर टाकली. दुसरी वाट काढून टाकली. डबी बॅटरीवर लावली. खिडकीला सर्व्हर सापडला नाही तर काय लिहायचं ते मला विचारलं. मी म्हणाले, "जे झालं तेच लिहा." त्याने लिहिलं. ताईंशी तो बोलला नाही, ताई त्याच्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही बरोबर निघालो. मला त्याला बरंच काही विचारायचं होतं. रात्री दार लावून तो काय करत होता, कुठल्या क्षणी त्याचं ठरलं. विचारायचा धीर होत नव्हता.

कोपऱ्यावर तो थांबला. मागे वळून लॅबच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांग. तिने माझी बाजू का घेतली?"

"त्यांनी सांगितलं की का ते."

"ते सांगितलं ते," जोडारी म्हणाला. "खरं कारण काय असेल?"